त्वचेच्या लिम्फोमाचे दुर्मीळ प्रकार : निदानामागचा इतिहास

पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयातील डॉक्टर जाँ-लुई आलिबेर यांनी १८०६ साली अंगावर अळंबीसारख्या गाठी उठलेल्या एका रुग्णाची नोंद केली आणि १८३२ मध्ये त्या आजाराला मायकोसिस फंगॉइडिस हे नाव दिले. बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. टी-लिम्फोसाइट या रक्तातील पांढऱ्या पेशींचा, त्वचेतच सुरू होणारा हा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा आहे, हे स्पष्ट व्हायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. आधी चट्टे, मग जाड चकंदळे आणि अखेर गाठी हा त्याचा क्रम आंत्वान बाझँ यांनी १८७० मध्येच मांडला होता. अल्बेर सेझारी यांनी १९३८ मध्ये सर्वांग लाल झालेल्या रुग्णाच्या रक्तातही विकृत पेशी दाखवल्या.

खरा पेच दुर्मीळ प्रकारांनी उभा केला. वॉरेन मॅकॉले यांनी १९६८ मध्ये लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिसचे वर्णन केले : लहान पुटकुळ्या उठतात, मध्यभागी काळवंडतात, काही आठवड्यांत व्रण ठेवून आपोआप बऱ्या होतात आणि पुन्हा उठतात. बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर घातक लिम्फोमा वाटावा असे चित्र दिसते. केवळ त्या अहवालावर विसंबून केमोथेरपी सुरू करणे हा रुग्णावर अन्यायच ठरतो, कारण अनेकांना नुसती देखरेख किंवा अल्प मात्रेतील मेथोट्रेक्सेट हे औषध पुरते. काहींना कालांतराने दुसरा लिम्फोमा होतो, म्हणून देखरेख मात्र आयुष्यभर ठेवावी लागते.

उपचारांतील संयमाला पुरावा मिळाला तो १९८९ मध्ये. अमेरिकेत मायकोसिस फंगॉइडिसच्या १०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सुरुवातीलाच इलेक्ट्रॉन किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र दिल्याने चट्टे अधिक प्रमाणात गेले, पण त्वचेवरच्या सौम्य उपचारांनी सुरुवात केलेल्यांपेक्षा आयुष्य वाढले नाही. दुष्परिणाम तेवढे वाढले.

त्वचेखालच्या चरबीत होणाऱ्या लिम्फोमाची कथा याहून बोलकी आहे. एकच मानल्या गेलेल्या या आजाराचे टी-पेशींच्या जातीनुसार दोन भाग पडतात, हे युरोपीय तज्ज्ञगटाच्या २००८ मधील अभ्यासाने ठामपणे दाखवले : अल्फा-बीटा प्रकारात पाच वर्षे हयात राहण्याचे प्रमाण ८२ टक्के, तर गॅमा-डेल्टा प्रकारात अवघे ११ टक्के. पहिल्या प्रकारात स्टिरॉइड किंवा सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी अनेकदा भागते, दुसऱ्यात वेळ दवडणे परवडत नाही. पहिल्या प्रकाराच्या अनेक रुग्णांत एचएव्हीसीआर२ या जनुकात जन्मजात दोष असल्याचे २०१८ मध्ये आढळले.

आपल्याकडे विशेष लक्ष द्यावे असा प्रकार म्हणजे फिकट चट्ट्यांचा मायकोसिस फंगॉइडिस. तो सावळ्या त्वचेत आणि मुलांत व तरुणांत अधिक दिसतो, आणि महाराष्ट्रात असा चट्टा पाहून आधी कोड किंवा कुष्ठरोगाची शंका येणे स्वाभाविक आहे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा बधिरपणा असतो, इथे स्पर्श शाबूत राहतो; कोडासारखा पांढराशुभ्र रंगही सहसा नसतो. धड, नितंब आणि मांड्यांवरचे असे चट्टे महिनोन् महिने टिकले, तर लावायचे स्टिरॉइड मलम काही आठवडे थांबवून एकाहून अधिक जागांची बायोप्सी घ्यावी आणि पहिला अहवाल निर्णायक नसला, तर ती पुन्हा करावी. निदान वेळेत झाले, तर नॅरोबँड यूव्हीबी या अतिनील किरणांच्या प्रकाशोपचाराने चट्टे बहुधा मावळतात. ते परत येऊ शकतात, त्यामुळे उपचार संपल्यावरही तपासणी चालूच ठेवावी लागते.