बाळाचा जबडा लहान, वजन वाढेना: दोष आईच्या दुधाचा नाही

‘आईचं दूध अंगी लागत नाही, वरचं दूध सुरू करा, गुटी द्या.’ पिअर रॉबँ सिक्वेन्स ही जन्मजात स्थिती असलेल्या बाळाच्या घरी हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे, आणि आईवर अन्याय करणाराही.

या बाळांचा खालचा जबडा जन्मतःच लहान आणि मागे असतो. त्यामुळे जीभ घशाकडे सरकून श्वासाची वाट अडवते. फ्रेंच डॉक्टर पिअर रॉबँ यांनी १९२३ मध्येच याकडे लक्ष वेधलं होतं. एकेक श्वास ओढण्यात बाळाची इतकी शक्ती जाते, की पोटात गेलेलं दूध वाढीसाठी उरतच नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसत नाही. टाळू (तोंडाचं छत) दुभंगलेली असेल तर तोंडात ओढ तयार होत नाही. स्तन असो वा साधी बाटली, बाळ चोखून दमतं. अशा बाळाला चमच्याने गुटी पाजली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

म्हणून आधी श्वास मोकळा करायचा: डॉक्टरांच्या देखरेखीखाली पालथं झोपवणं, श्वासासाठी नाकातून घशापर्यंत नळी, किंवा शस्त्रक्रियेने बसवलेल्या उपकरणाने जबडा रोज साधारण १ ते २ मिलिमीटर पुढे आणणं.

पण ‘ऑपरेशन झालं की बाळ लगेच बाळसं धरतं’ हेही तितकंसं खरं नाही. सुरुवातीचे काही आठवडे वजन रेंगाळू शकतं. काही बाळांना तेव्हाही नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने दूध द्यावं लागतं, कधी त्यात जास्तीचे उष्मांक घालून. ते दूध आईचंच, काढलेलं, असू शकतं.