‘सी.आय.डी.’ची गाणी आणि विदर्भातला तंबू

१९५६ साली प्रदर्शित झालेला ‘सी.आय.डी.’ हा चित्रपट पूर्णपणे मुंबईचा वाटत असला, तरी त्याची मुळे पुण्याच्या प्रभात स्टुडिओपर्यंत जातात. तेथे उमेदवारीच्या काळात देव आनंद आणि गुरुदत्त यांची मैत्री जमली आणि ज्याला आधी संधी मिळेल त्याने दुसऱ्याला सोबत घ्यावे, असे दोघांत ठरले. त्या शब्दाला जागून देव आनंद यांच्या नवकेतन संस्थेने १९५१ मध्ये ‘बाजी’चे दिग्दर्शन गुरुदत्तांकडे सोपवले. जुगाराचा अड्डा, रात्रीचे शहर, गुन्हेगारीच्या काठावर वावरणारा नायक आणि त्यात अडकलेले प्रेम हा साचा ‘बाजी’ने रुळवला. पुढे निर्माते झालेल्या गुरुदत्तांनी ‘सी.आय.डी.’ आपले पूर्वीचे साहाय्यक राज खोसला यांच्या हाती दिला. नायक अर्थातच देव आनंद.

एका संपादकाचा खून आणि त्याचा तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर शेखरवरच उलटलेला आळ, एवढेच कथानक आहे. रहस्य म्हणून ते फार काळ टिकत नाही, हे मान्यच करावे लागेल. चित्रपट तगला तो ओ. पी. नय्यर यांच्या संगीतावर, आणि विशेष असे की ही गाणी कथेला थांबवून ठेवत नाहीत. ‘कहीं पे निगाहें कहीं पे निशाना’ या शमशाद बेगम यांच्या गाण्यात वहिदा रेहमान खलनायकाला गुंतवून ठेवते, ते नायकाला निसटता यावे म्हणून. म्हणजे शृंगाराच्या आडून सुटकेचा डाव चाललेला असतो. वहिदांचा हा पहिलाच हिंदी चित्रपट, हे ते गाणे पाहताना खरे वाटत नाही.

विदर्भातल्या खेड्यांपर्यंत ही गाणी पोहोचण्याची वाट मात्र सरळ नव्हती. १९५२ मध्ये केंद्रीय नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती. नागपूर केंद्र १९४८ पासून चालू असूनही ज्याच्या घरी रेडिओ असे, त्याला फिल्मी गाण्यांसाठी श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोन या केंद्राकडे वळावे लागे. विविध भारती सुरू झाली ती १९५७ च्या ऑक्टोबरात. गावात रेडिओ असलाच तर पाटलाकडे, मालगुजाराकडे किंवा एखाद्या दुकानदाराकडे. बाकीच्यांची भिस्त लग्नातल्या भोंग्यावर आणि यात्रेत उतरणाऱ्या टुरिंग टॉकीजवर होती. खेळ सुरू होण्याआधी तंबूवरच्या भोंग्यातून तबकड्या वाजत, त्यामुळे गाणी तोंडपाठ आणि चित्रपट अजून पाहायचाच, असा उलटा क्रम सर्रास असे. हिंदी समजण्याची अडचण नव्हती, कारण विदर्भाचे आठही जिल्हे तोवर मध्य प्रदेशात होते. चित्रपट व्यवसायात हा भाग आजही ‘सीपी-बेरार’ (मध्य प्रांत-वऱ्हाड) या जुन्याच नावाने ओळखला जातो.

त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि राजधानी नागपूरहून थेट समुद्रकाठी सरकली. त्यामुळे मोहम्मद रफी आणि गीता दत्त यांच्या आवाजातले, जॉनी वॉकरवर चित्रित झालेले ‘ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ’ हे गाणे इकडच्या प्रेक्षकाला नव्या राजधानीची आगाऊ ओळखच ठरावे. मजरूह सुलतानपुरी यांच्या त्या शब्दांत इमारती, ट्राम, मोटारी यांच्या जोडीने गिरण्याही येतात. इथल्या शेतकऱ्याचा कापूस ज्या गिरण्यांकडे जाई, त्यांचे शहर त्याला असे, थट्टेच्या सुरात आणि ‘क्लेमेंटाइन’ या अमेरिकी लोकगीताशी नाते सांगणाऱ्या चालीवर भेटले.

याच चित्रपटासाठी गीता दत्त यांनी गायलेले ‘जाता कहाँ है दीवाने’ सेन्सॉरच्या आक्षेपामुळे पडद्यावर आले नाही. तबकडीवर मात्र ते राहिले, आणि गीता दत्त यांच्या सर्वांत खट्याळ गाण्यांत त्याची गणना करायला हवी.