चंद्राची कला आणि चंद्राचे ग्रहण: काळोख एक नव्हे, दोन

मुंबईतल्या कोणत्याही इमारतीच्या गच्चीवर कोजागिरीचे दूध आटत असताना "महिनाभरात चंद्राचा आकार का बदलतो?" असे सहज विचारून पाहावे. बहुतेक वेळा कोणीतरी क्षणाचाही विचार न करता सांगतो की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून. सांगणारा बरेचदा विज्ञान शाखेचा पदवीधर असतो आणि बाकीचे माना डोलावतात. हे उत्तर बरोबर आहे, पण दुसऱ्याच प्रश्नाचे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती चंद्रग्रहणात. प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत वाढणाऱ्या आणि पुढे अमावास्येपर्यंत घटणाऱ्या कलांशी त्या सावलीचा काहीही संबंध नाही. दोन्ही प्रसंगी चंद्राचा काही भाग काळा दिसतो, एवढ्या एका साम्यावर हा सारा गोंधळ उभा आहे.

फरक समजून घ्यायला आकाशाकडे पाहण्याआधी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहावे. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पश्चिमेकडून, समुद्राच्या बाजूने ऊन येत आहे आणि गच्चीच्या मधोमध एक पांढरी गोल टाकी आहे, असे समजा. सूर्याकडे पाठ करून टाकीच्या पश्चिमेला उभे राहिले, तर समोरची टाकी पूर्ण उजळलेली दिसते. तिथून चालत उत्तरेच्या कठड्यापाशी आले की तीच टाकी अर्धी उजळ आणि अर्धी काळपट दिसते. आणखी पुढे पूर्वेच्या बाजूला जाऊ लागले की उजळ भाग एका कडेच्या पट्टीएवढा उरतो आणि अखेर तोही नाहीसा होतो. या सगळ्या फेरीत टाकीचे काहीच झालेले नाही. तिची अर्धी बाजू आधीही उजेडात होती आणि अर्धी आधीही अंधारात होती. बदलली ती फक्त आपली उभे राहण्याची जागा. थोड्या वेळाने पश्चिमेकडच्या टॉवरची सावली सरकत येते आणि टाकीच्या उन्हातल्या बाजूवरच चढू लागते. आता गच्चीवर जो कोणी त्या बाजूला उभा असेल, त्याला टाकी झाकोळताना दिसणारच, कारण तिच्यावर पडणारे ऊन वाटेतच अडले आहे. पहिला प्रकार म्हणजे कला आणि दुसरा म्हणजे ग्रहण.

आकाशात अर्थातच आपण चंद्राभोवती फिरत नाही, चंद्र आपल्याभोवती फिरतो. पण सूर्य, चंद्र आणि पाहणारा यांच्यातला कोन बदलतो हे सूत्र तेच राहते. आपल्या पंचांगाने या कोनाला फार जुन्या काळापासून नाव देऊन ठेवले आहे, ते म्हणजे तिथी. सूर्यापासून चंद्र पूर्वेकडे १२ अंश सरकला की एक तिथी पूर्ण होते, आणि अशा ३० तिथींचे ३६० अंश पुरे व्हायला सरासरी २९.५३ दिवस लागतात. शुक्ल अष्टमी ८४ अंशांना सुरू होऊन ९६ अंशांना संपते, म्हणजे ९० अंशांचा, बरोबर अर्ध्या चंद्राचा क्षण तिच्या ऐन मध्यावर येतो. चंद्र सूर्याच्या नेमका समोर, १८० अंशांवर येतो तो क्षण पौर्णिमा ही तिथी संपण्याचा असतो. म्हणजे 'आज अष्टमी' असे आपण म्हणतो तेव्हा चंद्र किती उजळ दिसेल हेच एका परीने सांगत असतो, आणि त्या हिशेबात पृथ्वीच्या सावलीला कुठेही जागा नसते. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही वेळी सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका ओळीत येत असल्याने समुद्राला उधाण येते आणि दोन्ही अष्टम्यांच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते. कोळीवाड्यात हे कोणाला शिकवावे लागत नाही.

कलांचे कारण सावली नव्हे, याचा सर्वांत सोपा पुरावा भर दिवसा मिळतो. शुक्ल अष्टमीचा चंद्र दुपारी बाराच्या सुमारास उगवतो आणि सूर्य मावळताना तो डोक्यावर आलेला असतो. त्या दिवशी चार-साडेचार वाजता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून पाहिले, तर पश्चिमेला सूर्य आणि पूर्वेच्या अंगाला निळ्या आकाशात फिकट अर्धा चंद्र, असे दोघेही एकाच वेळी दिसतात. पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडते. सूर्य अजून क्षितिजाच्या वर असेल, तर ती सावली क्षितिजाच्या खालीच असणार. मग वर दिसणाऱ्या चंद्रावर ती येणार कुठून? कोरीच्या वेळी तर सावलीची कल्पना अधिकच अडचणीत येते, कारण तेव्हा चंद्र आकाशात सूर्याच्या जवळ असतो आणि पृथ्वीची सावली त्याच्यापासून जवळजवळ अर्धे आकाश दूर असते.

याच वेळी एक लिंबू सोबत असेल तर उत्तम. उन्हात उभे राहून हात ताठ करून लिंबू चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असे धरावे. लिंबाची सूर्याकडची बाजू उजळते आणि उरलेली झाकोळलेली राहते. आणि पाहता पाहता लक्षात येते की लिंबावरची उजेड-अंधाराची रेघ आणि चंद्रावरची रेघ एकाच आकाराची आणि एकाच बाजूला कललेली आहे. लिंबावर कोणाचीही सावली पडलेली नाही. माझ्या भाचीला मी हे करून दाखवले तेव्हा तिने लिंबू फिरवून पाहिले आणि म्हणाली, "मामा, लिंबू फिरवलं तरी काळी बाजू तिथंच राहते." कलांविषयी माझ्या वाचनात आलेल्या कितीतरी पानांपेक्षा हे एक वाक्य अधिक नेमके आहे.

दुसरा पुरावा कडेच्या आकाराचा आहे, आणि तो मला अधिक आवडतो, कारण त्याला उपकरण लागत नाही आणि ग्रहणाची वाटही पाहावी लागत नाही. संकष्टीच्या रात्री चंद्रोदयाची वेळ पाहून उपास सोडायला खिडकीशी उभे राहणारी हजारो घरे या शहरात आहेत. साधारण नऊ-दहाच्या सुमारास, ऋतूनुसार थोडा मागे-पुढे उगवणारा तो कृष्ण चतुर्थीचा चंद्र नीट पाहिला, तर वरच्या अंगाने किंचित बसका वाटतो. त्याचा ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास भाग उजळ असतो. आता गोल वस्तूची गोल सावली त्याच्यावर पडली असती, तर उजळ भागाची कड आत वळलेली दिसली असती, जशी कोपरा चावलेल्या बिस्किटाची दिसते. प्रत्यक्षात संकष्टीच्या चंद्राची ती कड बाहेरच फुगलेली असते. गोल सावलीने असा फुगीर तुकडा उरणे भूमितीने शक्यच नाही. अष्टमीच्या चंद्राची मधली कड सरळ रेषेसारखी दिसते, आणि गोल सावलीची कड सरळही असू शकत नाही. कोरीची दोन्ही टोके नेहमी चंद्रबिंबाच्या व्यासाच्या दोन टोकांना असतात, कारण ती रेघ चंद्रगोलाच्या दिवस-रात्रीची सीमा असून गोलाचे बरोबर दोन अर्ध करते.

ग्रहणातली कड याहून अगदी निराळी. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, आणि त्या अंतरावर पृथ्वीच्या गडद सावलीची रुंदी सुमारे ९,००० किलोमीटर भरते, तर चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर. म्हणजे सावली चंद्राच्या अडीच पटींहून मोठी. त्यामुळे ग्रहण लागताना बिंबावर चढणारी कड एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते, तिची धार पुसट असते आणि तिचा बाक कधीही बदलत नाही. प्रत्येक ग्रहणात ही कड गोलच दिसते, म्हणून पृथ्वीही गोल असली पाहिजे, असा तर्क ॲरिस्टॉटलने केला होता. आपल्याकडे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास चंद्र सूर्याच्या प्रकाशाने उजळतो आणि त्याचे ग्रहण पृथ्वीच्या छायेमुळे होते, या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सांगितल्या. पंधराशे वर्षांपूर्वी वेगळ्या मांडलेल्या या दोन गोष्टी आपण आज एकत्र करून बसावे, हे जरा चमत्कारिक आहे.

वेगाचा फरक तर घड्याळ लावून मोजता येतो. कला रात्रीतून जाणवण्याइतकी बदलत नाही. आजची कोर आणि उद्याची कोर शेजारी आठवून पाहिली तरच वाढ कळते. ग्रहण मात्र डोळ्यांसमोर घडते, कारण चंद्र तासाभरात सुमारे स्वतःच्या व्यासाएवढे अंतर पुढे सरकतो. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरच्या रात्री भारतातून दिसणाऱ्या खग्रास ग्रहणात गडद सावलीने ९ वाजून ५७ मिनिटांनी चंद्राला स्पर्श केला आणि अकराच्या सुमारास सबंध बिंब झाकले. खग्रास अवस्था ८२ मिनिटे टिकली आणि मध्यरात्रीनंतर दीड वाजायच्या आत चंद्र पुन्हा पौर्णिमेचा झाला. कलांनी हाच फेरा पुरा करायला महिना घेतला असता. २७ जुलै २०१८ च्या गुरुपौर्णिमेचे ग्रहण १०३ मिनिटे खग्रास होते आणि या शतकातले सर्वांत दीर्घ ठरले, तरीही सारा प्रकार एका रात्रीत आटोपला.

रंगही वेगळा. खग्रास अवस्थेत चंद्र काळा न होता तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा लालसर दिसतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वाकून जाणारा सूर्यप्रकाश सावलीच्या आत पोहोचतो आणि त्यातला निळा भाग वाटेत विखुरला गेलेला असतो. त्या वेळी चंद्रावर कोणी उभे असते, तर त्याला पृथ्वीने सूर्य झाकलेला आणि तिच्या कडेला लाल कडे पेटलेले दिसले असते. अष्टमीच्या चंद्राचा काळा भाग कधी असा तांबूस दिसत नाही.

इथे एक रास्त शंका निघते: दर पौर्णिमेला पृथ्वी मध्ये असते, तर दर पौर्णिमेला ग्रहण का लागत नाही? चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. ५ अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण आकाशात ते चंद्रबिंबाच्या दहापट अंतर होते. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. दोन्ही कक्षा जिथे छेदतात त्या बिंदूंजवळ पौर्णिमा आली तरच ग्रहण लागते, आणि ज्योतिषाच्या गणितात त्या दोन छेदनबिंदूंनाच राहू आणि केतू म्हणतात. छायाकल्प ग्रहण तेवढे वेगळे, कारण त्यात चंद्र फक्त विरळ सावलीतून जातो आणि साध्या डोळ्यांना बहुधा काही कळतही नाही. वेध पाळावेत की नाही, हा या लेखाचा विषय नाही.

कलांमधला काळोख म्हणजे चंद्राची स्वतःची रात्र, हे आपल्याला अलीकडे एका यंत्रानेही दाखवून दिले आहे. चंद्रयान-३ चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी, श्रावण शुद्ध सप्तमीला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरला. त्या जागी तेव्हा चंद्रावरची सकाळ होती. सौरपट्ट्यांवर चालणारी त्याची कामगिरी चंद्राच्या एका दिवसापुरती, म्हणजे पृथ्वीवरच्या सुमारे १४ दिवसांपुरती आखलेली होती, आणि रात्र जवळ आल्यावर आधी प्रज्ञान रोव्हरला व मग ४ सप्टेंबरला विक्रमला निद्रावस्थेत ठेवण्यात आले. तिथला उजेड पृथ्वीच्या सावलीने घेतला नव्हता; चंद्राच्या त्या भागात सूर्य मावळत होता, जसा तो रोज वरळीच्या समुद्रापलीकडे मावळतो, फक्त फार सावकाश. आपण इथून चंद्राची एक-एक कला घटताना पाहतो, ती चंद्राच्या जमिनीवर पुढे सरकणारी हीच संध्याकाळ असते.

पृथ्वीचा कलांशी काहीच संबंध नसतो, हे मात्र पूर्णांशाने खरे नाही, आणि त्यासाठी शुक्ल द्वितीयेची कोर पाहावी. गुढीपाडव्याच्या आगेमागे, चैत्राच्या सुरुवातीला मुंबईच्या अक्षांशावरून ही कोर जवळजवळ आडवी, पाण्यावर टेकलेल्या होडीसारखी दिसते आणि सूर्यामागोमाग काही वेळातच समुद्रात उतरते. भाऊबीजेला ज्या चंद्राला भाऊ मानून ओवाळतात, तोही हाच द्वितीयेचा चंद्र. आकाश स्वच्छ असेल तर दादरच्या चौपाटीवरून या कोरीच्या कुशीत चंद्राचा उरलेला काळा गोलही अंधुकसा दिसतो. त्या वेळी चंद्रावरून पाहिले तर पृथ्वी जवळजवळ पूर्ण उजळलेली दिसते, म्हणजे तिथे पृथ्वीची पौर्णिमा असते. आपल्या समुद्रांवरून आणि ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश चंद्राच्या रात्रीवर पडतो आणि तिथून फिरून आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. ज्या कोरीच्या काळ्या भागाला आपण पृथ्वीची सावली समजतो, त्याच भागावर पृथ्वी तेव्हा उजेड पाठवत असते.