पहिल्या हीटच्या आधी की नंतर? एका आकड्यामागची पार्श्वभूमी

घरातल्या कुत्रीची पिशवी पहिल्या हीटच्या, म्हणजे माजाच्या, आधी काढावी (नसबंदी करावी) की एखादी हीट होऊ द्यावी, हा प्रश्न पिल्लाचा लसींचा कोर्स संपत आला की निघतोच. या चर्चेत हमखास एक आकडा फेकला जातो: पहिल्या हीटआधी नसबंदी केली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका 0.5 टक्के. तो खऱ्या अभ्यासातलाच आहे, पण बहुतेक वेळा चुकीचा वाचला जातो.

प्राण्यांच्या कॅन्सरचा अभ्यास या आकड्याच्या पुष्कळ आधीचा. 1876 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका पशुवैद्याने एका कुत्र्याच्या गाठीचा तुकडा दुसऱ्या कुत्र्यात लावला आणि तो तिथे वाढला. ती गाठ म्हणजे आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांत आजही दिसणारी टीव्हीटी, जननेंद्रियांवरचा संसर्गाने पसरणारा कॅन्सर. समागमाच्या वेळी एका कुत्र्याच्या जिवंत कॅन्सरपेशी दुसऱ्यात रुजतात. मादीच्या मागून रक्ताचे थेंब पडत राहतात आणि लोक म्हणतात, हीट लांबली. आत मात्र फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा लालसर, सहज रक्त येणारा भाग वाढलेला असतो. तीन आठवडे उलटले तरी थेंब थांबले नाहीत, तर ती हीट समजून गप्प बसू नये. यावरचं औषध व्हिन्क्रिस्टीन. ते आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळालं आणि अमेरिकेत 1963 मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. आठवड्याला एक याप्रमाणे साधारण चार ते सहा इंजेक्शनांत बहुतेक कुत्री बरी होतात. फक्त औषधाचा थेंबही शिरेबाहेर जाता कामा नये, नाहीतर तिथली कातडी कुजते.

स्तनांतल्या गाठींचं तसं नाही. त्यांना एवढं हुकमी औषध अजून सापडलेलं नाही, म्हणून तिथे सगळा भर गाठ होऊ न देण्यावर. 1960च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या दोन काउंटींमध्ये पाळीव प्राण्यांच्या गाठींची पद्धतशीर नोंद ठेवली गेली आणि 1969 मध्ये त्यातून तो प्रसिद्ध निष्कर्ष आला. पहिल्या हीटआधी नसबंदी झालेल्या कुत्रीला स्तनाच्या कॅन्सरचा धोका 0.5 टक्के, एका हीटनंतर 8 टक्के, दोन किंवा जास्त हीटनंतर 26 टक्के.

इथेच घोळ आहे. शंभर कुत्रींपैकी 26 जणींना कॅन्सर होतो, असा याचा अर्थ नाही. नसबंदी न झालेल्या कुत्रीचा धोका 100 धरला, तर त्याच्या तुलनेत इतरांचा 0.5, 8 आणि 26. म्हणजे दोन हीटनंतर ऑपरेशन केलं तरी धोका जवळपास पाऊणपट कमी झालेला असतो. ‘आता एक हीट झाली, आता काय उपयोग’ म्हणून ऑपरेशन कायमचं टाळणाऱ्या घरांनी हा आकडा नेमका उलटा वाचलेला असतो. मूळ धोका किती, याचा अंदाज स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींवरून येतो. तिथे नसबंदीची पद्धत फारशी नव्हती आणि दहाव्या वर्षापर्यंत सुमारे 13 टक्के माद्यांना स्तनाची गाठ झाल्याची नोंद होती.

2012 मध्ये ब्रिटनमधून या विषयावरच्या अभ्यासांची छाननी झाली. तपासलेल्या 13 पैकी 9 अभ्यासांत निष्कर्ष एका बाजूला झुकण्याचा धोका मोठा ठरला आणि पुरावा कमकुवत असल्याचं जाहीर झालं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातून 759 गोल्डन रिट्रीव्हरांचा अभ्यास आला. त्यात लवकर नसबंदी केलेल्या नरांमध्ये लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) नसबंदी न केलेल्यांच्या तिप्पट दिसला, सांध्यांचे आजारही वाढलेले दिसले. तेव्हापासून ‘नसबंदीनेच कॅन्सर होतो’ हे वाक्य फिरतं आहे. पण त्या अभ्यासातली कुत्री 1 ते 8 वर्षांची होती. स्तनांच्या गाठींचं वय खऱ्या अर्थाने तिथूनच पुढे सुरू होतं. जो आजार दहाव्या वर्षी येतो, तो आठव्या वर्षी थांबणाऱ्या नोंदीत कसा दिसणार? आणि पुरावा कमकुवत म्हणजे फायदा नाही, असंही त्या छाननीने म्हटलेलं नव्हतं. ‘एकदा पिल्लं होऊ द्यावीत, म्हणजे गाठी होत नाहीत’ या आपल्याकडच्या समजुतीला तर कमकुवत आधारही नाही.

आपल्याकडे 2001 मध्ये भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम आले आणि 2023 मध्ये ते नव्याने लिहिले गेले. त्यांचा रोख संख्या आणि रेबीजवर. कॅन्सरचा विचार तिथे नव्हता. पाळीव कुत्रीचा निर्णय घरावरच राहिला आणि घरात तो पुढे ढकलला जातो. गाठीचंही तेच. कुत्री पोट खाजवून घ्यायला उताणी पडते, तेव्हा पुढून मागे पाचही जोड्यांच्या सडांभोवती बोटं फिरवली, तर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठसुद्धा हाताला लागते. मागच्या दोन जोड्यांत त्या जास्त. पण ‘चरबीची असेल’ म्हणत ती लिंबाएवढी होईपर्यंत थांबलं जातं. कुत्रींमध्ये अशा साधारण निम्म्या गाठी घातक निघतात, आणि गाठ 3 सेंटिमीटरच्या आत असताना काढली तर आशा बरीच जास्त.

मांजरींच्या बाबतीत वादाला जागाच कमी. त्यांच्या स्तनांतल्या 85 ते 90 टक्के गाठी घातक असतात, आणि सहा महिन्यांच्या आत नसबंदी केल्यास हा कॅन्सर 91 टक्क्यांनी कमी होतो, असं 2005 मध्ये दिसलं.

कुत्र्यांसाठी 2020 मध्ये रिट्रीव्हरांचा अभ्यास करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या त्याच गटाने 35 जातींसाठी नसबंदीचं वेगवेगळं वय सुचवलं. लॅब्रॅडॉर मादीसाठी वर्ष उलटू द्यावं असा सल्ला आहे. तिची पहिली हीट त्याआधीच येऊन जाऊ शकते. सांधे जपायचे की स्तन, हे तिथे घरानेच ठरवायचं. आपलं गावठी कुत्रं त्या 35 जातींत नाही.