विनंती अर्जाची समिती आणि विधेयकाची समिती: तुमचं पत्र कुठल्या दारात जायला हवं?

ईपीएस-९५, म्हणजे १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या पेन्शनधारकांमध्ये 'कोश्यारी समिती' हे नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं. ही समिती सरकारने नेमली होती, असं बऱ्याच जणांना वाटतं. तिने कायद्याचा मसुदाच तयार केला होता, असंही कुणी सांगतं. दोन्ही समज चुकीचे आहेत. ती राज्यसभेची याचिका समिती होती आणि भगतसिंह कोश्यारी तेव्हा तिचे अध्यक्ष होते. लोकांचा अर्ज सभागृहाकडे आला, समितीने तो ऐकून घेतला आणि २०१३मध्ये किमान पेन्शन ३,००० रुपये तरी करावी अशी शिफारस केली. पुढच्या वर्षी सरकारने किमान रक्कम ठरवली, ती १,००० रुपये.

आता दुसरी समिती पाहा. सरोगसी विधेयक (सरोगसी म्हणजे दुसऱ्या जोडप्यासाठी मूल पोटात वाढवून जन्माला घालणं, ते करणारी बाई सरोगेट) लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत आलं, तेव्हा नोव्हेंबर २०१९मध्ये ते तपासायला नेमलेल्या २३ सदस्यांच्या प्रवर समितीकडे गेलं. अध्यक्ष होते भूपेंद्र यादव. फेब्रुवारी २०२०मध्ये अहवाल आला, आणि त्यातल्या अनेक सूचना २०२१च्या कायद्यात जशाच्या तशा दिसतात.

दोन्हीकडे खासदारच बसतात, साक्षी होतात, खात्याच्या सचिवांना बोलावणं जातं आणि शेवटी अहवाल सभागृहाच्या पटलावर येतो. बाहेरून बघणाऱ्याची गफलत होणं साहजिक आहे. पण एका समितीसमोर माणसाचं गाऱ्हाणं असतं, तर दुसरीसमोर विधेयकाचा छापील मजकूर. हा फरक न कळल्यामुळे कळकळीने लिहिलेली पत्रं वाया जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी याचिका समिती. महाराष्ट्र विधिमंडळात तिला 'विनंती अर्ज समिती' म्हणतात आणि मला हेच नाव जास्त आवडतं, कारण 'याचिका' म्हटलं की आपल्याला कोर्ट आठवतं. या अर्जाचा कोर्टाशी संबंध नाही. उलट, न्यायालयात असलेला विषय इथे घेतलाच जात नाही. कायद्याने दुसरीकडे दाद मागता येत असेल, तरीही नाही. लोकसभेच्या याचिका समितीत १५ सदस्य असतात, राज्यसभेच्या समितीत १०, आणि मंत्र्याला तिथे जागा नसते. अर्ज सभागृहाला उद्देशून लिहायचा, भाषा संयमाची ठेवायची, नाव-पत्ता पूर्ण द्यायचा, आणि शेवटी नेमकं काय हवं ते मागणं स्पष्ट मांडायचं. खासदार तो मांडणार असेल तर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. मराठीत लिहिला तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत द्यावं लागतं. अर्जाला पत्रं, प्रतिज्ञापत्रं जोडायची नाहीत असा लोकसभेचा नियम आहे. म्हणजे जे सांगायचं ते अर्जातच आलं पाहिजे, आणि हे लक्षात ठेवलं की अर्ज आपोआप नेटका होतो.

आरोग्याच्या बाबतीत एक गोष्ट हमखास चुकते. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हे राज्यसूचीतले विषय आहेत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात भूलतज्ज्ञ नाही, हा अर्ज दिल्लीला पाठवून उपयोग नाही. तो विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे जायला हवा.

विधेयकाची समिती मात्र दारात आलेल्या माणसापासून सुरुवात करत नाही. तिच्यापुढे खंडवार (खंड म्हणजे विधेयकातलं एकेक कलम) मजकूर असतो आणि प्रत्येक खंडावर तिला हो, नाही किंवा 'असा बदला' म्हणायचं असतं. ही कामं करणाऱ्या समित्याही दोन तऱ्हेच्या आहेत. एक प्रवर (एका सभागृहाची) किंवा संयुक्त (दोन्ही सभागृहांची) समिती: त्या एकाच विधेयकापुरती नेमली जाते आणि अहवाल दिला की संपते. दुसरी खात्याशी संलग्न स्थायी समिती. या समित्या १९९३मध्ये सुरू झाल्या आणि आज त्या २४ आहेत. आरोग्य व कुटुंब कल्याणाची समिती त्यांपैकीच एक. तिच्यात लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. विधेयकांखेरीज ती खात्याच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या मागण्याही तपासते.

सरोगसीचं विधेयक या दोन्ही तऱ्हांच्या समित्यांतून गेलं, म्हणून ते मला मोलाचं उदाहरण वाटतं. २०१६चं विधेयक आधी आरोग्याच्या स्थायी समितीकडे गेलं होतं. तिने ऑगस्ट २०१७च्या अहवालात सरळ सांगितलं की मूल जन्माला घालून देणाऱ्या बाईला मोबदला मिळाला पाहिजे. सरकारने ते मानलं नाही आणि कायदा आजही विनामोबदलाच आहे. २०२०च्या प्रवर समितीने पायाला हात न लावता शब्दांवर काम केलं. सरोगेट 'जवळची नातेवाईक'च असावी ही अट काढून 'इच्छुक महिला' असं करा, म्हणाली. सरोगेटच्या विम्याचा काळ १६ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर न्या, म्हणाली. पाच वर्षं मूल न होण्याची अट काढा, ३५ ते ४५ वयाच्या विधवा आणि घटस्फोटितांनाही मुभा द्या, म्हणाली. हे सगळं कायद्यात आलं. 'जवळची नातेवाईक' या दोन शब्दांमुळे किती जोडप्यांची वाट बंद झाली असती आणि किती सुनांवर, नणंदांवर घरातून दबाव आला असता, याचा विचार केला की शब्दावर काम करणं म्हणजे काय ते कळतं.

एकच खासदार दोन्हीकडे काम करतो, पण बसायची रीत वेगळी. विनंती अर्ज समोर असताना तो अर्जदाराच्या बाजूने खात्याला विचारतो: हे का झालं, आता काय करणार? विधेयक समोर असताना त्याला आज खोलीत नसलेल्या माणसांचाही विचार करावा लागतो, कारण कायदा त्यांनाही लागू होणार असतो.

तुमच्या पत्राचंही तसंच आहे. अर्ज समितीला घडलेलं सांगा आणि मागणं मांडा. विधेयकाच्या समितीला 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच कळवलं तर तिला ते कुठे बसवायचं हे समजत नाही. तिला खंडाचा क्रमांक द्या, खटकणारा शब्द दाखवा, त्याजागी कोणता हवा ते लिहा, आणि मग तुमचा अनुभव कारण म्हणून जोडा. निवेदनं मागवणारी जाहिरात वर्तमानपत्रात येते, मुदत थोड्याच दिवसांची असते. ती टळू देऊ नका.

दोघींच्याही शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. मात्र विधेयकाच्या समितीची दुरुस्ती मान्य झाली की ती कायद्याची ओळ बनते. अर्ज समितीची शिफारस मान्य झाली तरी ती खात्याच्या आदेशातून, योजनेतल्या बदलातून अमलात यायची असते आणि त्यासाठी मागे लागावं लागतं. राज्यसभेच्या याच समितीने डिसेंबर २०११मध्ये माजी सैनिकांसाठी 'वन रँक वन पेन्शन'ची, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असेल तर सारख्या पेन्शनची, शिफारस केली होती. सरकारी आदेश नोव्हेंबर २०१५मध्ये निघाला.

सभागृहात आलेल्या विधेयकावरही विनंती अर्ज करता येतो, नियमात त्याची सोय आहे. पण विधेयक समितीकडे गेलेलं असेल, तर मी तरी आधी निवेदनच पाठवीन. आणि पाठवल्यावर ते व्हॉट्सॲपवर फिरवू नका. समितीकडे गेलेलं निवेदन तिच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं, ही सूचना जाहिरातीतच छापलेली असते.