घोणस अळीच्या दंशाने माणूस मरत नाही

उसाच्या किंवा कपाशीच्या शेतातली रंगीत काटेरी अळी सापापेक्षा विषारी असून तिच्या चाव्याने माणूस पाच मिनिटांत दगावतो, हा संदेश २०२२च्या पावसाळ्यापासून महाराष्ट्रात फिरत आहे आणि तो खोटा आहे.

संदेशातली घोणस अळी ही एका पतंगाची अळी असून ती पाने खाते. माणसाला ती चावत नाही. पिवळसर हिरवे, आखूड व चपटे अंग, पाठीवर रंगीत पट्टे आणि दोन्ही कडांना काटेरी झुपक्यांच्या रांगा ही तिची ओळख. तिचे पाय सहसा दिसत नाहीत, म्हणून ती गोगलगायीसारखी सरकताना दिसते. काटे पोकळ असतात व त्यांच्या मुळाशी विषग्रंथी असते. अंगाला घासून ते त्वचेत मोडले की तीव्र आग होते, चट्टे उठतात, आणि हा त्रास बहुधा काही तासांत, क्वचित एक-दोन दिवसांत ओसरतो.

अशा वेळी ती जागा चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून ओढल्यास रुतलेले काटे निघतात; नंतर साबणाने धुऊन बर्फ लावावा. श्वास लागला किंवा चेहरा सुजला, तर ती ॲलर्जी समजून ताबडतोब दवाखाना गाठावा.

या भीतीपोटी प्रत्येक रंगीत अळी चिरडली जाते, हे मला फार खटकते. रुईवरची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी फुलपाखराची असते. तिच्या अंगावरचे तंतू मऊ असतात, टोचत नाहीत.