बूट ओले होणारच! (धबधब्यामागच्या गुहेच्या ट्रेकला येणाऱ्यांनी निघायच्या आधी वाचायचं)

बुकिंग केलंत, थँक्यू. आता फोन लावायच्या आधी एवढं वाचून घ्या, कारण फोनवर बहुतेक सगळे एकच विचारतात, "दादा, बूट ओले होतील का?" तर हो, होतील. पहिल्या ओढ्यात पाय टाकला की होतील, मग संध्याकाळपर्यंत ओलेच राहतील, आणि त्याने काहीही बिघडत नाही. बिघडतं ते बूट कोरडे ठेवायच्या नादात. हे माहितीपत्रक मुख्यतः त्याच्याबद्दल आहे, बाकीचं जाता जाता.

ट्रेक सोपा आहे. आम्ही सोपा लिहितो तो खरंच सोपा असतो म्हणून लिहितो, बुकिंग वाढावं म्हणून नाही. एका बाजूने 4 किलोमीटर, चढ सगळा मिळून 180 मीटर, म्हणजे साठ मजले होतात पण ते चार किलोमीटरमध्ये पसरलेत त्यामुळे चढतोय हे कळतसुद्धा नाही. पूर्ण वाट झाडीतून, सावलीतून आणि ओढ्याच्या कडेकडेने. आता ओढा काही सरळ वाहत नाही, तो कधी या बाजूच्या कातळाला घासून जातो कधी त्या बाजूच्या, आणि जिथे कातळ आला तिथे वाटेला जागाच उरत नाही, म्हणून वाट पाण्यातून पलीकडे जाते. असं सात वेळा होतं. पूल नाहीत आणि मधे मांडलेले दगडही नाहीत, आम्ही एक वर्ष मांडून बघितले, पहिल्या मोठ्या पावसात सगळे खाली गेले.

वेळेचा हिशोब सांगतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक सोपा नियम मांडला, सपाटीवर तासाला साधारण 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जास्तीचा, डोंगरात फिरणारे अजूनही तोच धरतात. त्या हिशोबाने आपलं जाणं होतं 66 मिनिटांचं. आम्ही दोन तास धरतो, कारण ओली मुळं, चिखल, आणि तुमचे फोटो. दोन तासात पंधरा-सोळा वर्षांची पोरं आणि साठीचे काका-काकू दोघंही आरामात पोचतात, हे आम्ही दर बॅचला बघतो.

आणि तरी काही बॅचेस तीन तासांनीही पोचत नाहीत. का, तर बूट.

गेल्या सीझनची गोष्ट, 14 जणांचा ग्रुप होता, सगळे फिट, जिमला जाणारे. पहिल्या ओढ्यावर मी सांगतोय की बुटासकट चला, पण कोण ऐकतंय, सगळे खाली बसले, लेस सोडल्या, सॉक्स काढून बुटात कोंबले, बूट लेसने गळ्यात लटकवले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडल्या आणि एकेक जण आई गं आई गं करत पलीकडे. पलीकडे गेल्यावर बसायला कोरडा दगड शोधा, तो एकच, त्यावर रांग. पाय पुसायचे कशाने तर रुमालाने, बोटांच्या बेचक्यात वाळू तशीच, ओल्या पायावर सॉक्स चढत नाही, चढला तर टाच भलतीकडे. मी गुपचूप घड्याळ लावलं होतं. पहिला माणूस बसला तिथपासून शेवटच्याची लेस बांधून होईपर्यंत 12 मिनिटं. सात ओढे म्हणजे जाताना 84 मिनिटं, येताना परत 84, म्हणजे पावणेतीन तासांच्या वर निव्वळ लेस बांधण्यात! त्यात तिसऱ्या ओढ्यावर एक भाऊ घसरून बसले आणि गळ्यातले दोन्ही बूट पाण्याने भरले. म्हणजे एवढं करून ओले ते ओलेच. त्या दिवशी गुहेत आम्हाला वीस मिनिटं मिळाली, एरवी सव्वा तास असतो, आणि नंतर रिव्ह्यू आला की "गुहेत फार कमी वेळ दिला". आता काय बोलणार.

वेळ जातो हे एक झालं. अनवाणी पायाने ओढ्यात उतरू नका हे आम्ही सांगतो त्याचं दुसरं कारण जास्त मोठं आहे. तळवा नाजूक असतो, टोकदार खडा लागला की माणूस आपोआप पाय उचलतो, आणि वाहत्या पाण्यात झटकन पाय उचलणं म्हणजे पडणंच. बोटं दगडात अडकतात, नखं उखडतात, गाळात काटा असतो, कधी फुटलेली काच असते. आणि पाणी थंड असलं की थोड्या वेळाने तळव्याला काही कळेनासंच होतं, कापलंय हे पलीकडे गेल्यावर रक्त दिसलं की समजतं. म्हणून आमच्याकडे अनवाणी ओढा ओलांडायला परवानगी नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

मग विचारतात की ओल्या बुटात फोड नाही का येणार. ओलाव्याने कातडी मऊ पडते हे खरं, पण फोड घासण्याने येतो, आणि घासायला सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे सॉक्सच्या आत राहिलेली वाळू. ती आत जाते कधी, तर तुम्ही काठावर बसून घाईघाईत सॉक्स चढवता तेव्हाच. सुती सॉक्स नको, ते पाणी धरून ठेवतात आणि गोळा होतात, सिंथेटिक किंवा लोकरीचे पातळ घाला. दुसरा एक जोड पिशवीत बांधून आणा, पण तो जाताना बदलायचा नाही, परतीचा सातवा ओढा ओलांडून झाला की बदलायचा, तिथून गाडीपर्यंत दहा मिनिटं कोरडं चालायचं आहे आणि त्या दहा मिनिटांचं सुख वेगळंच असतं, येऊन बघा.

बूट कुठले? महागडे वॉटरप्रूफ बूट इथे उलटे अडचणीचे होतात. पाणी घोट्याच्या वर आलं की ते वरून आत शिरतं आणि आत गेलेलं बाहेर पडायला वाट नसते, दिवसभर दोन बादल्या पायात घेऊन चालल्यासारखं. जाळीच्या कापडाचे साधे स्पोर्ट्स शूज चांगले, दहा पावलांत पाणी पिळून निघतं, फक्त सोलला खाचा शाबूत असायला हव्यात. अंगठ्याने सोल दाबून बघा, प्लास्टिकसारखा टणक लागला तर तो ओल्या दगडावर धरणार नाही, रबरासारखा मऊ लागला तर चालेल. स्लीपर, क्रॉक्स, मागून उघडे फ्लोटर्स अजिबात नको, ओढा ते घेऊन जातो, मागच्या तीन वर्षांत आमच्याकडे डाव्या पायाच्या चपलांचं छोटं प्रदर्शन भरेल एवढं जमलंय (उजव्या कुठे जातात माहीत नाही). नवीन घेणं जिवावर येत असेल तर आमच्याकडे भाड्याने बूट आहेत, त्याबद्दल शेवटी.

आता ओलांडायचं कसं ते. सगळ्यांचा पहिला विचार असतो दगडावरून दगडावर उड्या मारत जायचं म्हणजे पाय भिजत नाही. तेच करू नका. पाण्याबाहेर डोकं काढलेला जो काळा चकचकीत दगड दिसतो ना, छान सपाट, पाय ठेवा म्हणणारा, त्याच्यावर शेवाळाचा पातळ थर असतो, डोळ्याला दिसत नाही, हात फिरवला की साबणासारखा बुळबुळीत लागतो. पाय ठेवायचा तो दोन दगडांच्या मधे, खाली, बारीक खडीवर. खडी सरकते पण घसरवत नाही. तोंड थोडं पाणी येतं त्या बाजूला, पाय न उचलता सरकवत, आडवं आडवं जायचं, काठी असेल तर तीही पुढे, पाणी येतं त्याच बाजूला टेकवायची, एका वेळी एकच गोष्ट हलवायची, काठी किंवा एक पाय. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा म्हणजे पडलात तर सॅक लगेच टाकता येते. हे सगळं पहिल्या ओढ्यावर आमचा लीड करून दाखवतो, तिथे पाणी घोट्याएवढंच असतं, दोनदा केलं की जमतं. बुटासकट 14 जण पार व्हायला तीन मिनिटं लागतात.

पाण्याची एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. वेग दुप्पट झाला की पाण्याचा धक्का दुप्पट नाही, चौपट होतो. जोराच्या प्रवाहात साधारण 15 सेंटीमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचा तोल घालवू शकतं. म्हणून पहिल्या ओढ्यावर तुम्हाला दिसेल की आमचा माणूस पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवतो. टाइमपास नाहीये तो. येताना काडीपुढे पाणी गेलेलं दिसलं की वर कुठेतरी पाऊस झालाय. आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि पाऊस वर डोंगरात पडत असतो, त्यामुळे आभाळ बघून भागत नाही, ओढा बघावा लागतो. निवळ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज जाड झाला, की आम्ही आहे तिथून परत फिरतो, आणि परतीच्या बाजूला ओढा ओलांडण्यासारखा नसेल तर उंचावर बसून पाणी ओसरायची वाट बघतो. दर सीझनला दोन-तीन बॅचेस अशा फिरवाव्या लागतात आणि दर वेळी कोणीतरी म्हणतंच की "समोर तर दिसतोय धबधबा, पाच मिनिटं जाऊन आलो असतो". नाराजी कळते, पण यात आम्ही ऐकत नाही. ज्यांचा ट्रेक असा अर्धा राहतो त्यांना पुढच्या बॅचमध्ये पहिली जागा देतो, परत पैसे घेत नाही, आणि ते परत येतात, बहुतेक वेळा दोन मित्र घेऊन येतात.

गुहेबद्दल दोन शब्द, कारण दुसऱ्या नंबरचा प्रश्न असतो "आत किती खोल आहे, टॉर्च लागेल का". टॉर्च लागत नाही. ही अंधारी बोगद्यासारखी गुहा नाही, धबधब्याच्या पडद्यामागची कपार आहे. वरचा थर टणक, खालचा मऊ, पाणी वरून पडतं आणि त्याचे तुषार, शिंतोडे, सततची ओल खालचा मऊ थर कुरतडत राहतात, वरचा तसाच छपरासारखा पुढे राहतो. नायगारालाही हीच रचना आहे, वर कठीण डोलोमाइट आणि खाली ठिसूळ शेल. छप्पर फार पुढे आलं की कधीतरी तुटून पडतं आणि धबधबा थोडा मागे सरकतो. हे सांगायचं कारण, कपारीच्या पुढे जे मोठमोठे चौकोनी दगड पडलेत ते तिथे कोणी आणून टाकलेले नाहीत. म्हणून धारेच्या बरोबर खाली उभं राहून भिजायला आम्ही देत नाही, पाण्याबरोबर लहानसा दगड आला तरी डोक्याला पुरतो. भिजायचं असेल तर कपारीच्या डाव्या टोकाला पागोळ्या पडतात, तिथे मनसोक्त भिजा.

आत आवाज एवढा असतो की शेजारच्याने बोललेलं ऐकू येत नाही, हातवारे करावे लागतात, आणि प्रत्येकाला आम्ही एक शिट्टी देतो. अडचण आली तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबून परत सहा. उत्तर म्हणून तीन ऐकू आल्या की समजायचं कळलंय. पोरांनी ती उगाच वाजवली तर काढून घेतो. मोबाइलची काच आत गेल्यावर धुकटते, ती पुसत बसू नका, पाच मिनिटं मोबाइल उघड्यावर राहू द्या, आपोआप निवळते. इंद्रधनुष्य हवं असेल तर ते आतून दिसत नाही, आतून आपण उजेडाकडे बघत असतो. बाहेर यायचं, सूर्य पाठीवर घ्यायचा आणि आपल्या डोक्याची सावली पडते तिथपासून साधारण 42 अंशांवर तुषारांमध्ये बघायचं. आपण पोचतो त्या वेळी ते बऱ्यापैकी खाली, पाणी आपटतं त्याच्या आसपास असतं, लोक वर शोधत बसतात.

कपारीच्या मागच्या फटीत वटवाघळं असतात. फ्लॅश नको, ओरडणं नको, आणि येताना बूट घरून घासून धुऊन आणा. अमेरिकेत 2006 साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी पहिल्यांदा दिसली, त्यानंतर तिकडे लाखो वटवाघळं मेली, ती बुरशी बुटांना-कपड्यांना चिकटूनही एका गुहेतून दुसरीकडे जाऊ शकते. म्हणून आम्ही सुरुवातीला सगळ्यांचे सोल बघतो, मागच्या ट्रेकची वाळलेली माती असेल तर ब्रश हातात देतो. काहींना अपमान वाटतो, पण ब्रश आम्ही स्वतःलाही लावतो.

घरी गेल्यावर बूट हीटरसमोर किंवा कडक उन्हात ठेवू नका, सोलचा गोंद सुटतो. आतला पॅड काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन तासांनी बोळे बदला, सावलीत पंख्याखाली ठेवा, सकाळपर्यंत वाळतात.

भाड्याचे बूट 4 नंबरपासून 11 नंबरपर्यंत आहेत, जाळीचे, मऊ सोलचे, दर बॅचनंतर धुऊन वाळवलेले. अर्धा नंबर मोठा मागवा, ओल्या सॉक्समध्ये पाय जरा फुगतो. बुकिंगच्या मेसेजला रिप्लाय करून नंबर निघायच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा, त्यानंतर कळवलंत तर जे उरलेत त्यातले मिळतील, आणि उरतात ते नेहमी 4 आणि 11. स्वतःचे बूट आणणाऱ्यांनी परतीसाठी एक जाड प्लास्टिकची पिशवी आणा, गाडीत बाकीचेही बसलेले असतात.